बोअर, नारळ आणि ओपन इलेक्टिव्ह : तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच पेपरातून एका पोराला काय मिळालं

हे सगळं मी त्या पोराला विचारूनच लिहितोय. नाव टाकू नका, गाव टाकू नका, बाकी बोअरचं-बिरचं सगळं लिहा म्हणाला, म्हणून त्याला इथं नुसतं पोरगाच म्हणतो. गाव अंबाजोगाई आणि रेणापूरच्या मधल्या माळावरचं, घरी सहा एकर, त्यातलं बरंचसं कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मी तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. आमच्याकडं बीएला हा विषय घेणारी पोरं मोजकीच, पण नवीन शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झालं आणि सायन्सच्या पोरांनाही दुसऱ्या शाखेतला एक विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यावा लागायला लागला, तिथून हा बीएस्सीचा पोरगा दुसऱ्या सेमिस्टरला माझ्या वर्गात आला. आला म्हणजे, त्याला जो विषय पाहिजे होता त्याच्या जागा भरल्या होत्या म्हणून आला, हे त्यानंच पहिल्या दिवशी सरळ सांगितलं.

दरवर्षी ॲडमिशनच्या वेळी पालक विचारतात, "सर, तत्त्वज्ञान घेऊन काय होतंय?" आणि आम्ही मास्तर लोक ठरलेलं उत्तर देतो, पोरं विचार करायला शिकतात, दृष्टी मोठी होते, एमपीएससीला कामाला येतं. ते उत्तर देताना मलाच कधी समाधान झालं नाही, कारण विचार करायला शिकतात म्हणजे नेमकं काय शिकतात हे कोणी सांगतच नाही. यावेळी एका पोराचं एका सेमिस्टरमध्ये काय काय झालं ते जवळून बघायला मिळालं, त्यातलं काही चांगलं, काही माझ्या चुकीमुळं वाईट, ते जसं झालं तसं लिहितो.

पोरगा कुठून आला होता

पोरगा तीन वर्षं लातूरला होता, अकरावी-बारावी आणि वरून एक वर्ष रिपीट. रूमवर राहायचं, मेसचा डबा, सकाळी सहाला उठून रात्री अकरापर्यंत अभ्यास, मेडिकलच्या नीट परीक्षेचे १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला चार, चुकलं की वजा एक. दोन्ही वेळेला एमबीबीएसला लागतील एवढे मार्क पडले नाहीत. लातूर पॅटर्नला मी नावं ठेवत नाही, कोरडवाहू घरातली किती पोरं त्या शिस्तीनं डॉक्टर-इंजिनिअर झाली हे आपण सगळे बघतोय. पण तीन वर्षं त्यात काढलेल्या पोराला एक सवय लागून गेलेली असते, की उत्तर आधीच कुठंतरी छापलेलं आहे, आन्सर कीमध्ये आहे, आपण ते फक्त ओळखायचं. मी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं, आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे? तर ह्यानं हात वर केला आणि विचारलं, "सर, याचे ऑप्शन काय आहेत?" वर्ग हसला, पण तो थट्टा करत नव्हता, खरंच विचारत होता, आणि मला त्याच्या चेहऱ्याकडं बघून वाईट वाटलं.

दुसऱ्या तासाला सगळ्यांना एक काम दिलं. तुम्हाला अगदी पक्क्या माहीत असलेल्या दहा गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढं लिहा ती कशावरून माहीत आहे. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राच्या परंपरेत, ज्ञानाची साधनं म्हणजे प्रमाणं चार मानतात, प्रत्यक्ष (स्वतः बघितलेलं), अनुमान (खुणेवरून ताडलेलं), उपमान (सारखेपणावरून ओळखलेलं) आणि शब्द, शब्द म्हणजे दुसऱ्यानं सांगितलं म्हणून कळलेलं. ह्याच्या यादीत पृथ्वी सूर्याभोवती फिरते होतं, डीएनए होता, ७२ च्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला जायचे हे होतं, आणि "आमच्या रानात पाणी नाही" हेही होतं. दहापैकी आठ गोष्टींपुढं त्याला 'शब्द' लिहावं लागलं. बराच वेळ वहीकडं बघत बसला आणि मग म्हणाला, "सर, म्हणजे मी स्वतः काहीच बघितलेलं नाही?"

मग चार्वाकांचं, म्हणजे जुन्या काळच्या नास्तिक विचारवंतांचं आलं, ते म्हणायचे प्रत्यक्ष सोडून दुसरं प्रमाणच नाही. पोरांना हे एकदम पटतं, वर्गात दरवर्षी अर्धी पोरं चार्वाक होतात. मी विचारलं, मग तुमचा जन्म कधी झाला हे तुम्ही बघितलंय का? तर हा म्हणाला की आमच्या दादाची, म्हणजे वडलांची, जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे आणि आजी म्हणते ते पोळ्याच्या आदल्या दिवशी झाले. मराठवाड्यात ह्या १ जूनच्या तारखा घरोघर आहेत, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेल्या. आता दाखला हाही शब्द आणि आजी सांगते तेही शब्दच, मग कोणाचं धरायचं? तिथं न्यायसूत्रातली व्याख्या कामाला आली, आप्ताचं सांगणं म्हणजे शब्द, आणि त्यावरच्या भाष्यात सांगितलंय की आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. दाखल्यावर सरकारी शिक्का आहे पण लिहिणाऱ्या मास्तरांना तारीख माहीतच नव्हती, आजीला लिहिता येत नाही पण बाळंतपण तिचं होतं. त्या दिवशी तास संपल्यावर तो मागं थांबला. छापलेलं चुकीचं आणि आजीचं बरोबर असू शकतं, हे त्याला आतून लागलं होतं असं मला वाटतं.

मधले तीन आठवडे, आणि माझी चूक

इथं माझ्याकडून एक गडबड झाली ती लिहिलीच पाहिजे. सोपं आणि पोरांना आवडणारं म्हणून मी तर्कदोष आधी घेतले. मुद्दा सोडून माणसावर घसरणं, दोनच पर्याय आहेत असं भासवणं, अमक्यानंतर तमकं झालं म्हणजे अमक्यामुळंच झालं असं धरणं. शेवटच्याला तर आपल्याकडं म्हणच आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पोरांना मजा आली, पण त्यांच्या हातात एक काठी आली आणि ती कुठं चालवायची नाही हे मी अजून शिकवलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्याच्या वडलांचा फोन आला. रागात नव्हते, दमलेले वाटत होते. "सर, तुमच्याकडं यायलाय तवापासून पोरगं घरात कोणाला बोलूच देईना झालंय. म्हातारी एकादशी धरते तर तिला म्हणतंय कशावरून, चुलत्याला म्हणतंय तुमचं बोलणं दोष हाय. ह्याला कामून शिकवलं असं झालंय आम्हाला." मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच स्टाफरूममध्ये बसलो. सॉक्रेटिसवर इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये खटला भरला तेव्हा तरुण पोरं बिघडवतो हा एक आरोप होता, आणि वर्गात आम्ही नेहमी सॉक्रेटिसच्या बाजूनं उभं राहतो, पण अथेन्समधल्या एखाद्या बापाला काय वाटलं असंल ते मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. खुद्द प्लेटोनं लिहून ठेवलंय, की कोवळ्या वयात वादाची चव लागली की पोरं कुत्र्याच्या पिल्लांसारखी जवळ येईल त्याला ओढत-फाडत सुटतात. मला हे वाक्य माहीत होतं, तरी मी शिकवायचा क्रम बदलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि वाद, जल्प, वितंडा घेतलं. खरं काय ते दोघांनी मिळून शोधायला बोलतात तो वाद, नुसतं जिंकायला बोलतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं मोडत बसतात ती वितंडा. आपण मराठीत "वितंडवाद घालू नको" म्हणतो ते इथूनच आलंय. सोबत छल पण शिकवला, म्हणजे शब्दाचा मुद्दाम दुसराच अर्थ धरून समोरच्याला अडवणं, न्यायभाष्यातलं उदाहरण मराठीत जसंच्या तसं चालतं, एकजण म्हणतो ह्याच्याकडं नव कंबल (घोंगडं) आहे, नवं या अर्थानं, आणि दुसरा म्हणतो कुठंयत नऊ, एकच तर दिसतंय.

आणि मग मिलिंद आणि नागसेन. छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढलं त्याचं नाव मिलिंद आणि त्या परिसराचं नाव नागसेनवन, आपल्यातले कितीजण तिथून शिकून आले, पण ही दोन नावं जोडीनं का ठेवली हे वर्गात दोघा-तिघांनाच माहीत होतं. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा आणि नागसेन बौद्ध भिक्खू, राजा म्हणतो मला तुमच्याशी चर्चा करायचीय, तर नागसेन आधी विचारतात, महाराज, पंडितांसारखी चर्चा करणार का राजांसारखी? कारण पंडितांच्या चर्चेत कोणी चूक दाखवली, गाठ सोडवली तर राग धरत नाहीत, आणि राजाचं पटलं नाही की तो शिक्षा करतो. विचार करा, एका राजाचं नाव एका कॉलेजला दिलं ते तो लढाई जिंकला म्हणून नाही, त्यानं पंडितांसारखं बोलायचं कबूल केलं म्हणून. मला तरी ते नाव असंच वाचावं वाटतं.

पोरगा खाली मान घालून ऐकत होता. नंतर म्हणाला, "सर, आमच्या घरी राजा दादा हायेत असं मला वाटत होतं. पण तीन आठवडे मीच राजासारखा बोलायलो."

बोअर

फेब्रुवारीत घरी बोअरचं ठरलं. विहीर आटत आली होती, चुलत्यानं पुढाकार घेतला, गाडीवाल्याला इसार देऊन झाला, आणि शेजारच्या गावचा पाणाड्या, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठं ते सांगणारा, बोलवायचं ठरलं. माणूस साठीचा, पायाळू, पंचक्रोशीत नाव असलेला. आधीचा पोरगा असता तर एकतर त्यानं निमूट नारळ आणून दिला असता, नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीचा असता तर पाणाड्याला चार माणसांत उघडं पाडायला निघाला असता. यावेळी त्यानं तिसरंच केलं, तो नुसता मागं मागं फिरला आणि बघत राहिला.

त्यानं मला जे सांगितलं ते असं. पाणाड्यानं आल्या आल्या नारळ काढलाच नाही. आधी तासभर रान पायाखालून घातलं. उंबराखाली थांबला, वारूळ बघितलं, नाला कुठं वळतो ते बघितलं, शेजाऱ्याची विहीर किती लांब आणि कुठल्या अंगाला, चैतात गवत कुठं हिरवं राहतं, मुरूम किती हातावर लागतो, असं सगळं वडलांना विचारून घेतलं. मग चपला काढल्या, नारळ तळहातावर आडवा ठेवला, चालायला लागला आणि उंबरापासून वीसेक पावलांवर बांधाच्या कडेला नारळ उभा राहिला. सगळ्यांनी हात जोडले. पोरग्यानं पाणी दिलं, चहा दिला, आणि माणसं पांगल्यावर जवळ बसून विचारलं, "बाबा, आज नारळ आणायचा राहिला असता तर तुम्ही कुठं सांगितलं असतं?" म्हातारा जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हितंच की."

पोरगा पुढं काही बोलला नाही. मी म्हणालो, मग नारळ कशाला असं विचारायचं ना. तर म्हणाला, "विचारावं वाटलं होतं सर, पण चुलता परत आला होता, त्यांच्यासमोर विचारलं असतं तर ते जल्प झालं असतं." मला वाटतं सगळ्या सेमिस्टरमध्ये त्यानं शिकलेली सगळ्यात अवघड गोष्ट हीच असंल, कुठला प्रश्न गिळायचा ते.

पाणाड्याचा हेतू, म्हणजे कारण, कुठला, हे यातून वेगळं झालं बघा. झाड, वारूळ, उतार, नाला यावरून पाणी ओळखणं हे अनुमान आहे, सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं त्यावर एक अख्खा अध्याय लिहिलाय, कुठल्या झाडाजवळ वारूळ असलं की कुठल्या दिशेला किती खोल पाणी. त्यातलं किती बरोबर हा वेगळा प्रश्न, पण ते तपासता येतं. नारळ उभा राहणं हे त्याच्यावर ठेवलेलं आणखी एक, आणि काम कोण करतंय हे एकत्र बघताना कळतच नाही. वर्गात हेच आम्ही चुलीवरून शिकलो होतो. जिथं धूर तिथं विस्तव हे खरं, पण जिथं विस्तव तिथं धूर हे खरं का, असं विचारल्यावर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "नाही सर, पऱ्हाट्या वाळलेल्या असल्या की धूर होतच नाही, ओल्या असल्या की डोळे जातात." न्यायवाले ह्यालाच उपाधी म्हणतात, धूर नुसत्या विस्तवानं होत नाही, ओलं जळण लागतं, आणि त्यांचं स्वतःचं उदाहरण पण हेच आहे, ओल्या जळणाचं, नाहीतर तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं. त्या पोरीनं पुस्तक न उघडता सांगितलं.

वही

मग त्यानं स्वतःहून एक उद्योग केला, मी सांगितला नव्हता. दोनशे पानी वही घेतली आणि शिवारातले बोअर लिहायला निघाला. कोणाचा, कोणत्या साली मारला, पाणाड्या आणला होता का नाही, किती फूट मारला, पाणी किती फुटाला लागलं, आज चालू का बंद. त्याला कळलं होतं की पाणाड्यानं सांगितलं आणि पाणी लागलं, असे किस्से कितीही गोळा केले तरी ते अर्धंच काम, नुसता अन्वय झाला, एक होतं तिथं दुसरंही होतं एवढंच. व्यतिरेक पण बघायला पाहिजे, पाणाड्या नव्हता तिथं काय झालं, आणि पाणाड्या होता तरी कोरडा गेला असे किती.

चालू बोअरची माहिती दोन दिवसांत मिळाली, लोक बोलवून बोलवून सांगायचे. फेल गेलेल्याबद्दल कोणी बोलायला तयार नाही. एकाचं त्यात कर्ज झालेलं, एकाची बायको म्हणाली आता कशाला ते काढता. शेवटी त्यानं विचारणंच बंद केलं आणि रानारानातून दगड बघत फिरला, कारण फेल बोअरचं केसिंग (तोंडाशी घातलेला पाईप) काढून नेलेलं असतं किंवा तसंच उभं असतं आणि त्याच्या तोंडावर दगड ठेवलेला असतो, जनावर नाहीतर लेकरू पडू नये म्हणून. दगड दिसला की मग मालकाकडं जाऊन हळूच विषय काढायचा. (काही भोकांवर दगडपण नव्हता, ते त्यानं आधी झाकले, हे मला फार आवडलं.) मला म्हणाला, "सर, आमच्या शिवारात इतके दगड हायेत हे मला माहीतच नव्हतं, मी त्याच रानातनं शाळेत जायचो."

वहीत निघालं ते असं, पाणाड्या आणलेल्यांचे साधारण निम्मे गेले आणि न आणलेल्यांचेही साधारण निम्मेच गेले. पण ह्या रकान्यापेक्षा दुसऱ्याच रकान्यात जास्त काही सापडलं, ज्याच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. ज्यांना पाणी लागलं त्यातल्या बहुतेकांना ते अडीचशे-तीनशे फुटांच्या आतच लागलेलं होतं, आणि जे हट्टानं सहाशे-सातशेपर्यंत गेले त्यांना खाली क्वचितच काही मिळालेलं. आपला दख्खनचा खडक बेसाल्टचा, त्यात पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या थरात, भेगांत, दोन थरांच्या मधल्या फटीत, खाली खाली जावं तशा भेगा कमी होत जातात, हे भूगोलाच्या सरांनी नंतर त्याला समजावलं. पण वही आधी आली, समजावणं नंतर.

वही त्यानं वडलांना दाखवली. बोअर मारू नका असं म्हणाला नाही, पाणाड्या खोटा असंही म्हणाला नाही. एवढंच विचारलं की दादा, किती फुटाला थांबायचं हे आधी ठरवू का? वडील रात्री कंदिलासारखा मोबाईल धरून बराच वेळ पानं उलटत बसले होते, त्यातल्या एका दगडाची गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती आणि तो त्यांच्या मित्राचा होता.

गाडी रात्री आली, तामिळनाडूची, आमच्याकडं बहुतेक गाड्या तिकडच्याच. उंबराजवळच, पाणाड्यानं सांगितलं तिथंच लावली. पांढरा धुरळा सगळ्या तुरीवर बसला. दोनशे दहा फुटाला ओल आली, मग बारीक पाणी, एक इंचापर्यंत. चुलता म्हणाला आणखी दोनशे मारू, खाली मोठा झरा लागंल, इथवर आलोत तर. गाडीवाला तर तयारच, त्याचा फुटावर रेट. वडील म्हणाले, "नाही. तीनशेला थांबायचं ठरलंय." आणि तीनशेला थांबवलं.

आणि मग

गावात काय झालं ते सांगायलाच नको, पाणाड्याचं नाव आणखी मोठं झालं. पोरगा माझ्याकडं आला तेव्हा थोडा फुगलेला होता, म्हणाला, सर, पाणाड्याचं राहू द्या, पण माझी वही बरोबर निघाली, पैसे वाचले. मी त्याला तोच प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला होता. कशावरून? खाली चारशेला पाणी नव्हतंच हे तू बघितलंस का?

तो गप्प झाला. दोन दिवसांनी आला आणि म्हणाला की वहीत आणखी एक भोक आहे. जुने बोअर मारले तेव्हा पाण्याची पातळी वर होती, नवे मारले तेव्हा ती खाली गेलेली, त्यामुळं जुन्यांना तीनशेच्या आत लागलं म्हणून उद्याही तिथंच लागंल असं म्हणता येत नाही. आणि खोल गेलेले लोक कोण होते, तर ज्यांना वर काहीच लागलं नाही तेच खाली गेले, म्हणजे त्यांची जागाच मुळात वाईट असू शकते. मी त्याला अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूमचं नाव तेव्हा सांगितलं, आजवर असं झालं म्हणून पुढंही असंच होईल हे आपण धरून चालतो, पण त्याला आधार विचारला तर पुन्हा "आजवर तसंच होत आलंय" हेच सांगावं लागतं. सिलॅबसमध्ये ह्यूम दोन पानांत संपतो आणि पोरं त्या दोन पानांवर झोपतात. ह्याला ते एका बैठकीत कळलं कारण प्रश्न त्याच्या रानातून आला होता.

दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक काढणं सोपं, ते फेब्रुवारीतच येत होतं त्याला. स्वतःचं जे बरोबर निघालंय, ज्याच्यामुळं घरात किंमत वाढलीय, त्याच्यावरच तो प्रश्न वळवायचा आणि तरी ते फेकून न देता वापरायचं, कारण निर्णय तर उद्या सकाळी घ्यावाच लागतो, हे त्याला एप्रिलमध्ये यायला लागलं. पालकांना मी आता हेच सांगतो, वही आणि दगडांसकट सांगतो, नुसतं विचार करायला शिकतात म्हणत नाही.

एक गोष्ट अजून राहिली आणि माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी. शेवटच्या असाइनमेंटला मी सांगितलं होतं की स्वतःला खरं वाटणारं कोणतंही एक वाक्य घ्या आणि न्यायाच्या पाच अवयवांत मांडा, प्रतिज्ञा (आपलं म्हणणं), हेतू, उदाहरण, उपनय (ते इथं लावून दाखवणं), निगमन (निष्कर्ष). पोरं बहुतेक डोंगरावर धूर हेच लिहून आणतात. ह्यानं लिहिलं होतं, प्रतिज्ञा : मी ढ आहे. हेतू : कारण माझी नीट दोनदा गेली. उदाहरण : ज्याची ज्याची नीट जाते तो तो ढ असतो, जसा, आणि इथं त्यानं रूम पार्टनरचं नाव लिहून खोडलं होतं. खाली लिहिलं होतं की इथं पुढं जाता येईना, कारण तो पार्टनर ढ नव्हता, रात्री दोन वाजता मला ऑर्गॅनिक तोच समजावून सांगायचा, आणि त्याची पण दोनदा गेली. म्हणजे हेतू सव्यभिचार आहे, ढ असलेल्याकडंही असतो आणि नसलेल्याकडंही. मग निगमन निघत नाही. एवढंच. पान तिथं संपलं होतं.

मी त्यावर काही शेरा लिहू शकलो नाही, टिक करून दिली. दोन वर्षं तो ते वाक्य घेऊन हिंडत होता आणि आम्हा कोणाला दिसलं नव्हतं, घरच्यांना नाही, क्लासवाल्यांना नाही, मला पण नाही. समुपदेशन वगैरे आपल्याकडं तालुक्याला कुठं मिळतं. मी असं म्हणणार नाही की तर्कशास्त्रानं त्याचं दुःख गेलं, नीटचा विषय निघाला की अजून त्याचा चेहरा पडतो. पण "मी ढ आहे" हे त्याला तोवर प्रत्यक्ष वाटत होतं, आरशात दिसल्यासारखं, ते खरं तर एक अनुमान होतं आणि तेही बिघडलेलं, हे त्यानं स्वतः कागदावर बघितलं.

जे मिळालं नाही तेही सांगतो. मार्क साधारण पडले, परीक्षेत टिपा लिहा म्हटल्यावर ह्याला लांबण लावायची सवय लागलेली. नोकरीचं काही ठरलं नाही. आजीच्या एकादशीबद्दल तो आता गप्प असतो, पण ते पटून गप्प आहे का भांडण नको म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. विषय पुढं ठेवला नाही, केमिस्ट्रीच घेतली, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या बाजूनं एवढं बदललं की यंदा तर्कदोष शेवटी ढकलले आणि पहिल्या आठवड्यातच वाद-जल्प-वितंडा आणि नागसेनाचा तो प्रश्न घेतला. आणि पोरांना एकदा मुकुंदराजांच्या समाधीकडं घेऊन जायचंय, अंबाजोगाईतच आहे, मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून परंपरेनं जो मानतात तो ११८८ सालचा विवेकसिंधू त्यांचा, आणि तो तत्त्वज्ञानाचाच आहे, गुरू-शिष्याच्या बोलण्यातून पुढं जाणारा. रोज एसटीनं त्या रस्त्यानं येणाऱ्या पोरांना हे माहीत नसावं हे बरोबर वाटत नाही.

जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत तो वही घेऊन आला होता. शेवटच्या पानावर त्यानं स्वतःच्या घरच्या बोअरची ओळ घातलीय, पाणाड्या होता, तीनशे फूट, पाणी दोनशे दहाला. मे अखेरीपर्यंत चालू. शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवलाय, आणखी दोन उन्हाळे जाऊ द्या म्हणाला, मग लिहितो.